पंधरा दशक, सहा सुटे : महिला व बालविकास खात्याला एका शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य
आणि मा. आयुक्त, महिला व बालविकास, पुणे

स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. चौतीस वर्षं पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवलं. निवृत्तीनंतर गेली सहा वर्षं मराठवाड्यातल्या एका निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत ठेवतात तिथे, आठवड्यातून तीन दिवस जाते आणि तिथल्या मुलांना मराठी व गणित शिकवते. मानधन घेत नाही, मागितलंही नाही. जिल्ह्याचं नाव मुद्दामच लिहीत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे, आणि आमच्याकडे गाव कळलं की पोर कळतं.

अशा मुलांच्या प्रकरणांचा निकाल करणाऱ्या आमच्या जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळावरच्या दोन्ही सामाजिक सदस्यांची मुदत फेब्रुवारीत संपली. आता पावसाळा अर्ध्यावर आला, तरी नवीन नेमणुका नाहीत. शेजारच्या जिल्ह्यातल्या सदस्यांना तात्पुरता कार्यभार द्या, असं आम्ही काही जणांनी लेखी सुचवलं. त्याचंही काही झालं नाही. मागच्या आठवड्यात चौकशीला गेले तेव्हा उत्तर मिळालं, "प्रक्रिया सुरू आहे." घरी आले, पाणी प्यायले आणि हे पत्र लिहायला बसले.

सदस्य नसले तर काय बिघडतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. पुष्कळ बिघडतं. मंडळ म्हणजे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत एक तरी स्त्री हवी. एकटा सदस्य मुलाला समोर घेऊ शकतो, तारीख देऊ शकतो. पण प्रकरण निकाली काढताना कायद्याला दंडाधिकाऱ्यांसह किमान दोघं लागतात. म्हणजे फेब्रुवारीपासून आमच्या जिल्ह्यात एकाही मुलाचं प्रकरण संपू शकलेलं नाही. दर शनिवारी मुलं जातात आणि पुढची तारीख घेऊन परत येतात. सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते. ज्या दिवशी ते रुजू झाले, त्याच दिवशी ती कधी संपणार हे कागदावर लिहिलेलं होतं. अचानक काहीच घडलेलं नाही.

शनिवारची सकाळ आपण कुणी येऊन बघावी अशी माझी फार इच्छा आहे. ज्यांची तारीख असते ती मुलं सहालाच उठतात. आदल्या रात्री उशीखाली घडी घालून ठेवलेला शर्ट अंगात घालतात, केसांना पाणी लावून एकमेकांचा भांग पाडतात. आठपासून व्हरांड्यात रांगेने बसून गाडीची वाट बघतात. कधी गाडी येते. कधी पोलीस बंदोबस्तात अडकलेले असतात आणि गाडी येत नाही. दुपारी दोनला शर्ट काढून पुन्हा घडी घातली जाते.

आता एका मुलाबद्दल सांगते. त्याला इथे गणू म्हणते, ते त्याचं नाव नाही.

नोव्हेंबरात एका मंगळवारी वर्गात नवा मुलगा दिसला. सोळा वर्षांचा, ओठांवर कोवळी मिसरूड, अंगात दुसऱ्याचा ढगळ शर्ट. मी फळ्याकडे वळले तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, तुम्ही मला तिसरीला होता." होतेच. हातच्याची वजाबाकी त्याला काही केल्या जमत नव्हती, म्हणून काड्यांचे गठ्ठे बांधायला बसवलं होतं. दहा काड्यांचा एक दशक, उरलेल्या सुट्या. आठ दिवसांत वजाबाकी आली होती.

गणूचे आईवडील ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाडीत बसून कर्नाटकातल्या कारखान्याला जातात. तो आजीजवळ राहून दहावीला शिकत होता. गावातल्या दोन मोठ्या माणसांनी दोनशे रुपये देतो म्हणून त्याला रात्री बरोबर नेलं आणि उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी काढली. बॅटरी सापडली ती गणूच्या हातात, कारण धरायला त्यालाच दिली होती. पुढे ते दोघंही पकडले गेले. सज्ञान असल्यामुळे नेहमीच्या न्यायालयात गेले, वकील दिला आणि बाराव्या दिवशी जामिनावर सुटले.

गणू एकशे छप्पन्न दिवस आत होता.

त्यालाही जामीन मिळाला होता. नवव्या दिवशीच. पण जामीनदार हवा, आणि जामीनदाराच्या नावावर सातबारा हवा. आजीच्या नावावर घराची जागासुद्धा नाही. आईवडील फडात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; त्यातलं एक निघून आलं की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, आधीच खर्चून झालेली. जानेवारीत आई एकदा आली. रात्रभर एसटीत उभी राहून आली, फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. बाहेरचं अन्न आत चालत नाही. भेट झाल्यावर ती फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बसली, फडकं सोडलं आणि न खाताच पुन्हा बांधलं. मला म्हणाली, "बाई, परीक्षा बुडंल का वो त्याची?" मी म्हणाले, नाही बुडणार. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

परीक्षा बुडाली. हॉल तिकीट शाळेत पडून राहिलं. निरीक्षणगृहाने शाळेला लिहायचं, शाळेने बोर्डाला विचारायचं, पोलिसांनी सोबत द्यायची, या तीन पत्रांच्या मध्ये पहिला पेपर होऊनही गेला.

एप्रिलमध्ये हंगाम संपला, आईवडील परत आले, वडिलांच्या चुलत्याने सातबारा दिला आणि १४ तारखेला गणू सुटला. जाताना वही माझ्या हातात देऊन गेला. शेवटच्या पानावर पेन्सिलीने काड्या काढल्या होत्या. दहा-दहाच्या काड्यांना मधून दोरीसारखी आडवी रेघ. पंधरा गठ्ठे आणि सहा सुट्या.

१८८२ साली कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, हे मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले. त्याच तुरुंगाच्या जागेत आज मुलांचं निरीक्षणगृह आहे. त्या दोघांना शिक्षा झालेली होती, चार महिन्यांची, आणि तीही पुरी भोगावी लागली नाही. गणूला शिक्षा झालेलीच नाही. त्याच्यावरच्या आरोपात तथ्य किती, हे आजपर्यंत कुणी तपासलेलं नाही.

महोदय, कायदा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. उलट २०१५ चा बाल न्याय कायदा आणि राज्याचे २०१८ चे नियम मी पेन्सिलीने खुणा करत वाचले, आणि जागोजागी वाटलं की हे लिहिणाऱ्यांना मूल म्हणजे काय ते कळलेलं होतं. मुलाला चोवीस तासांत मंडळापुढे न्यायचं. कोठडीत ठेवायचं नाही, बेडी घालायची नाही. पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे मुलावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, घरी जाऊन सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. चार महिन्यांत चौकशी संपवायची, फार तर आणखी दोन महिने. आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा किरकोळ गुन्हा असेल, त्याची चौकशी एवढ्या मुदतीतही पुरी झाली नाही, तर कारवाई तिथेच संपते. साधी चोरी त्यातच येते. गणू पहिल्यांदा मंडळापुढे उभा राहिला १० नोव्हेंबरला. सहा महिने १० मे रोजी भरले. कायद्याने त्याची कारवाई संपलेली आहे. पण संपली असं लिहून सही करायला मंडळ पूर्ण नाही, म्हणून तो अजून तारखांना जातोच आहे.

जामिनाबद्दलही कलम १२ अगदी स्पष्ट बोलतं. मुलाला जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवायही सोडता येतं. परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली किंवा योग्य व्यक्तीच्या ताब्यात देता येतं. जामीन होऊनही सात दिवसांत अट पुरी झाली नाही, तर अट बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे न्यायचं. गणूला कुणी नेलं नाही. हे कलम त्याला माहीत नव्हतं, आजीला नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही नव्हतं. हे मला फार लागून राहिलं आहे.

सामाजिक तपासणी अहवालाचंही तेच. आमच्याकडे परिविक्षा अधिकारी एकच आहेत, अख्ख्या जिल्ह्याला. भले गृहस्थ आहेत. पण मंडळाचं काम, बालकल्याण समितीचं काम, बालविवाह थांबवायला धावणं आणि योजनांचे तक्ते भरणं एकाच माणसाकडे. गणूचा अहवाल साडेतीन महिन्यांनी आला, दीड पानाचा. त्यात 'कुटुंबाचे मुलाकडे दुर्लक्ष' असं लिहिलं होतं. जी आई खाडा भरून, रात्रभर उभी राहून आली तिच्याबद्दल हे लिहिलं गेलं, कारण लिहिणाऱ्याला तिच्या घरापर्यंत जायला सवडच मिळाली नाही. घर बघितलं असतं तर फडावर गेलेल्यांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह आहे का, हा खरा प्रश्न अहवालात आला असता.

पोलिसांबद्दल थोडक्यातच लिहिते. नियम सांगतो, साध्या कपड्यात या. गणूला वर्दीतले दोघं मोटरसायकलवर मध्ये बसवून भर बाजारातून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो, डोळ्यांवर काळी पट्टी मारलेला, गावाच्या नावासह सगळ्या तालुक्याच्या मोबाइलवर फिरला. काळ्या पट्टीने गावात कोण ओळखू येत नाही? असा फोटो फिरवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतं. सहा वर्षांत मी एकालाही झालेलं पाहिलं नाही. मुलांना गुन्ह्यात वापरणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे, कलम ८३ मध्ये. ज्यांनी गणूच्या हातात बॅटरी दिली, त्यांच्यावर ते कलम लावलंच नाही.

पारधी वस्तीवरची मुलं आली की मला जास्त धास्ती वाटते. अख्ख्या जमातींनाच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण संशयाची पहिली गाडी अजून त्यांच्याच पालाकडे वळते. त्यांच्याकडे जन्माचा दाखला नसतो, शाळेचा नसतो. वय ठरवण्यातच महिना जातो.

आता पुण्याबद्दल. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला भरधाव गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, आणि सतरा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला, त्यात तीनशे शब्दांच्या निबंधाची अट होती. महाराष्ट्र पेटून उठला. उठायलाच हवा होता. त्या दोघांच्या आईवडिलांच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं की माझा घास अडतो. पुढे चौकशी होऊन मंडळाच्या दोन सदस्यांना शासनाने दूर केलं. पण तेव्हापासून मी कुठे शिकवायला जाते हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे निबंध लिहून घेता का?" लोकांच्या मनात मंडळ म्हणजे लाडावलेल्या पोरांना सोडून देणारी जागा झाली आहे. वय खाली आणा, सगळ्यांना मोठ्यांच्या न्यायालयात पाठवा, अशी मागणी जोर धरते. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने घोर गुन्हा केला, तर प्राथमिक मूल्यांकन करून त्याला प्रौढासारखं चालवण्याची वाट २०१६ पासून कायद्यात आहे, हे कुणी सांगत नाही. आणि माझ्या वर्गात सहा वर्षांत जी मुलं बसली त्यांतली बहुतेक चोरीची होती. मोबाइल, पाण्याची मोटार, तांब्याची वायर, दानपेटी. त्यांना कुणी पंधरा तासांत सोडलं नाही. त्यांच्यासाठी कुणी रविवारी मंडळ भरवलं नाही. एका मुलासाठी यंत्रणा एका दिवसात हलू शकते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून बाकीच्यांना महिनोन् महिने थांबवण्याचं कारण मला पटत नाही.

हे आमच्या एका जिल्ह्याचं रडगाणं नाही. राज्यांच्या न्यायव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या इंडिया जस्टिस रिपोर्टने २०२५ च्या नोव्हेंबरात या विषयावर अभ्यास मांडला. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी देशातल्या ३६२ मंडळांपुढची निम्म्याहून अधिक प्रकरणं प्रलंबित होती, आणि चारांतल्या एका मंडळावर सदस्य पुरे नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने तर फेब्रुवारी २०१८ मध्येच संपूर्णा बेहुरा प्रकरणात राज्यांना या रिकाम्या जागा भरायला सांगितलं होतं.

आणखी एका माणसाची गोष्ट राहिली. ज्यांची बॅटरी गेली ते शेतकरी. दोन वेळा मंडळाच्या दारात भेटले. बॅटरी मुद्देमाल म्हणून ठाण्यात पडून आहे, त्यांनी ऐन पेरणीत उसनवारीने नवीन घेतली. मला म्हणाले, "मॅडम, त्या पोराला माझ्यासमोर बसवा, मी त्याला विचारतो का केलंस. एवढंच पाहिजे मला. आणि माझी बॅटरी." समुपदेशन, समाजसेवेचं काम, परिविक्षेवर सोडणं, हे सगळे आदेश मंडळ देऊ शकतं. गणूने त्यांच्या शेतात चार रविवार काम केलं असतं, तर दोघांचंही समाधान झालं असतं. त्या आदेशालाही मंडळ लागतं.

म्हणून माझ्या मागण्या. नवीन कायदा मागत नाही. आहे तो चालवा एवढंच मागते.

१. आमच्यासह ज्या ज्या जिल्ह्यांत मंडळाच्या जागा रिकाम्या आहेत त्या ३० दिवसांत भरा. तोवर शेजारच्या सदस्यांना कार्यभार द्या. यापुढे मुदत संपण्याच्या सहा महिने आधी निवडप्रक्रिया सुरू करा आणि तिच्या तारखा जाहीर करा.

२. मंडळ आठवड्यातून एकदा नको. केंद्राचे आदर्श नियम कामाच्या प्रत्येक दिवशी बसायला सांगतात. प्रकरणं कमी असतील तर निदान तीन दिवस.

३. सहा महिने उलटलेली किरकोळ गुन्ह्यांची सगळी प्रकरणं खास बैठक घेऊन बंद करा. गणूचं त्यात आहेच.

४. जामीन होऊनही सात दिवसांत न सुटलेल्या मुलांची यादी दर सोमवारी अधीक्षकांनी मंडळाला आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्यावी. सातबाऱ्याची अट मुलांच्या जामिनाला लावली जाऊ नये, यासाठी आपल्या खात्याने उच्च न्यायालयाच्या बाल न्याय समितीकडे विनंती करावी. ऊसतोड, वीटभट्टी, मेंढपाळ कुटुंबांच्या मुलांसाठी गावातले शिक्षक, आशाताई, ग्रामपंचायत सदस्य यांतून योग्य व्यक्तींची यादी तयार ठेवा. माझं नाव त्यात घाला.

५. परिविक्षा अधिकाऱ्यांची पदं भरा, आणि त्यांच्याकडे फक्त त्यांचंच काम ठेवा. फिरायला गाडी किंवा प्रवासभत्ता द्या. भत्ता वेळेवर द्या.

६. प्रत्येक निरीक्षणगृहाला एक पूर्णवेळ शिक्षक द्या. शिक्षण खात्याशी एकच कायमचा आदेश काढा, म्हणजे आतल्या मुलाचं हॉल तिकीट त्याच्यापर्यंत पोचेल आणि शाळा सुटलेल्याचा, बाहेरून परीक्षेला बसण्यासाठीचा १७ नंबरचा फॉर्म मुदतीत भरला जाईल. मागच्या वर्षी दाखले न मिळाल्यामुळे माझ्या तीन मुलांचे फॉर्म राहिले.

७. मुलांचे फोटो आणि गावं प्रसिद्ध करणाऱ्यांवर, आणि मुलांना गुन्ह्यात ओढणाऱ्या मोठ्यांवर, किती गुन्हे नोंदले हे गृह खात्याकडून घेऊन दर तीन महिन्यांनी जाहीर करा. त्याच तक्त्यात जिल्हावार लिहा, किती मुलं आत आहेत आणि किती दिवसांपासून. नावं नकोत, दिवस लिहा.

गणूचा पुरवणी परीक्षेचा अर्ज मे महिन्यात मी त्याच्या शाळेत बसून भरून घेतला. त्याने सगळे पेपर दिले. सध्या गॅरेजमध्ये कामाला जातो, पास झाला तर आयटीआयला जायचं म्हणतो. शनिवारी मालक सुट्टीचे पैसे कापतो, कारण शनिवारी तारीख असते.

मागच्या गुरुवारी वर्गात एक नवीन मुलगा आला आहे. तेरा वर्षांचा, अजून बेंच सोडून भिंतीला टेकून बसतो. काल पहिल्यांदा बोलला. विचारलं, "मॅडम, इथं किती दिवस ऱ्हावं लागतं?" मी त्याला कायद्यातला आकडा सांगितला. चौकशी चार महिन्यांत संपते, आणि तोवरसुद्धा आतच राहावं लागेल असं नाही. तो बोटांवर महिने मोजायला लागला. महोदय, तो आकडा मी आपल्या भरवशावर सांगितला आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
मराठवाडा